वाळवंटातल्या कुरडया

सोमवार, १७ मार्च २००८

उदय म्हणाला, "आई, आठ दिवस समुद्रावर जाऊ, डंजनेसला. इंग्लंडातलं एकुलतं एक वाळवंट म्हणतात त्याला." मी वाळवंट एवढंच ऐकलं आणि काल सकाळी दोन किलो गहू भिजत घातले. फाल्गुन लागलाय, कुरडया घालायचे दिवस. मेडनहेडच्या आमच्या परसात ऊन येतं ते शेजाऱ्याच्या भिंतीवरून उतरून, आणि बसायच्या आत उठून जातं. वाळवंटात तरी ऊन असेल असं कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल. सुनेला वाटलं नाही. गाडीत गव्हाची बादली ठेवताना म्हणाली, "आई, तिथे थंडी असते हो." मी म्हटलं, "वाळवंटात?" ती गप्प बसली. मीनल हल्ली फार पटकन गप्प बसते.

येऊन बघते तर वाळू नावाला नाही. गोटे. नजर जाईल तिथवर गोटे, मधूनमधून लाकडी खोपटी, एक दीपगृह, आणि एक भला मोठा चौकोनी ठोकळा. तो विजेचा कारखाना, अणूचा. दिवसभर घुं घुं करतो. झाड एक नाही. समुद्र आहे, पण रंग धुणं धुतलेल्या पाण्याचा.

खोपटं राजीवचं. राजीव उदयच्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर आहे. उदय कापतो, तो झोपवतो. त्यानेच बळंच किल्ली दिली. म्हणाला, "आठ दिवस जा, नीट विचार कर, मग ये." सुट्टीत कसला विचार करायचा असतो? पुढच्या मंगळवारी उदयचं ऑपरेशन आहे, म्हणजे तो करणार आहे, त्यामुळे सोमवारी परत.

ही वही नातीने दिली, दियाने, नाताळात. "आजी, तुझे फीलिंग्ज लिही." फीलिंग्ज माझ्याकडे नाहीत. पण सुनेला तोंडावर बोलायचं नाही असं लेकाने बजावलंय, तेवढं इथं लिहिते. चौथी पास बाईला पुरे झालं.

बुधवार, १९ मार्च

काल लिहिण्यासारखं काही नव्हतं. गव्हाचं पाणी बदललं, गोट्यांवरून चालायला गेले, पाय मुरगळता मुरगळता वाचला, परत आले.

आज गहू वाटले. मिक्सर लावला की खोपट्यातला दिवा मंद होतो. मीनलने फडकं धरलं, मी पिळलं. उजवं मनगट दोन वर्षांपूर्वी बर्फावर पडून मोडलं, तेव्हापासून नावापुरतं उरलंय. तरी पिळलं. दोन पातेली चीक निवळायला ठेवलाय. उद्या ऊन पडलं की शिजवून घालायच्या.

दुपारी उदय खुर्चीत बसून समुद्राकडे बघत होता. उजवा हात मांडीवर, आणि अंगठा बोटावर सारखा चाललेला, कापसाची वात वळावी तसा. मी म्हटलं, "एवढी हौस असेल तर कापूस देते. देवाच्या वाती तरी होतील." दिया फिसकन हसली. तो हसला नाही, हात खिशात घातला. पूर्वी मी असं काही बोलले की हा लोळून हसायचा. हल्ली चेहऱ्यावर इस्त्री फिरवल्यासारखा असतो. बोलतो ते पण पुटपुटतो. मोठा डॉक्टर झाला की माणसाला हसायची लाज वाटत असेल.

संध्याकाळी बहिणीला सिन्नरला फोन केला. फोन लागतो तो एकाच ठिकाणी, एक पडकी होडी आहे तिच्यापाशी. दिया धरून घेऊन जाते. बहिणीला सांगितलं, उदयला सुट्टीच मिळत नव्हती, त्याच्यासारखा हात नाही म्हणतात अख्ख्या रीडिंग गावात. कोण म्हणतात? मी म्हणते. आणि का म्हणू नये? कंडक्टरचा पोरगा सर्जन झाला, अशी तालुक्यात दुसरी आई दाखवा. उदय मागे येऊन उभा राहिला होता.

"आई, पुरे."

"का? खोटं आहे?"

तो खोपट्याकडे चालायला लागला.

गुरुवार, २० मार्च

ऊन आहे. वारा त्याहून जास्त आहे. दार उघडलं की दोघांनी ढकलून लावावं लागतं. मी गोट्यांवर प्लास्टिक अंथरलं, चार कोपऱ्यांना चार गोटे ठेवले, तरी ते उडालं आणि कारखान्याच्या कुंपणाला जाऊन लटकलं. उदय आणायला गेला. मी खिडकीतून बघत होते. चालताना डावा हात पुढे-मागे होतो, उजवा अंगाला चिकटलेला, कुणी शिवून टाकल्यासारखा. बाप असा चालायचा नाही. ह्यांच्या खांद्याला तिकिटांची पेटी, घाटातसुद्धा गाडीत काही न धरता उभे राहायचे.

कुरडया उद्यावर. चिकावरचं पाणी बदललं.

जेवणानंतर नवरा-बायकोचं इंग्रजीत सुरू झालं. मला कळू नये म्हणून इंग्रजी. तीन वर्षं इथं काढल्यावर मला अगदीच काही कळत नाही असं नाही. 'टेल' म्हणजे सांग. 'ट्यूजडे' म्हणजे मंगळवार. 'मदर' म्हणजे मी. राजीवचं नाव दोनदा आलं, 'हॅण्ड' चार वेळा. मीनल रडत होती, पण भांडी घासता घासता, म्हणजे आवाज होऊ नये म्हणून.

मी हिशेब जुळवला. मंगळवारच्या आत आईला सांगायचं आहे. काय सांगायचं? सरळ आहे. मागे मीनलने म्हाताऱ्यांच्या एका घराचं रंगीत पत्रक आणलं होतं. औषधांच्या दुकानात काम करते, तिथे कुणीतरी ठेवून गेलं म्हणाली. गवतावर खुर्च्या, खुर्च्यांत गोऱ्या म्हाताऱ्या, सगळ्यांचे केस एकाच न्हाव्याने कापलेले. तिथे टाकायचं असेल तर टाका. पण तोंडावर सांगा. असं वाळवंटात आणून कोंडून मग सांगायचं, ही कुठली रीत?

शुक्रवार, २१ मार्च, होळी

आज दार उघडलंच नाही. उघडताच येत नाही. वाऱ्याबरोबर गारा, आणि बारके गोटे खोपट्यावर येऊन आदळतात. चार माणसं, दीड खोली, एक खिडकी, तिच्यावर मिठाचा थर. सिन्नरला ह्या दिवसांत गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, खाटा टाकून त्यावर पापड, सांडगे, कुरडया, आणि राखणीला बसलेल्या बायकांची तोंडं चाललेली. इथे चार दिवसांत मला घरच्यांखेरीज एकच माणूस दिसला, तोसुद्धा कुत्र्याशी बोलत होता.

होळी पेटवायची कुठे? गॅसच्या शेगडीलाच हळदकुंकू वाहिलं. पुरणपोळ्या केल्या. उदयने पोळी चमच्याने खाल्ली. चमच्याने! मी म्हटलं, "उद्या पाणी पण काट्याने पी." मीनल म्हणाली, "आई, खाऊ दे ना त्याला कसं खायचं तसं." नवऱ्याला अरेतुरे आणि सासूला उपदेश.

चीक आता वास मारायला लागलाय. आंबूस, सगळं खोपटं भरून. मीनल नाकाला ओढणी लावून फिरते.

दिया म्हणाली, "आजी, तुझा चीक ना, डेड सॉक्ससारखी वास येतो."

एकटा उदय काही बोलला नाही. मी विचारलं, "तुला नाही येत वास?"

"कसला?" म्हणाला.

बघा. ह्याला म्हणतात पोटचा पोरगा. आईच्या हातच्या वस्तूला नाक मुरडत नाही. मीनलने त्याच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता परत इंग्रजी सुरू होणार. झालं नाही.

शनिवार, २२ मार्च

परत गारा. चीक उद्या शिजवायचा नाहीतर समुद्रात ओतायचा, तिसरा मार्ग नाही.

गावातल्या दुकानातून काय आणायचं त्याची यादी उदयने लिहिली. पहिला शब्द जरा मोठा, मग बारीक बारीक होत शेवटी मुंग्यांची रांग. दियाला वाचता येईना, मीनलने न वाचता कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. डॉक्टरांची अक्षरं वाईटच असतात.

भाजी निवडताना दियाने विचारलं, "आजी, बाबा माझ्यावर रागावलाय का? तो स्माईलच नाही करत आता." मी म्हटलं, "तुझा बाबा तीन वर्षांचा असल्यापासून शिष्ट आहे." हे खोटं आहे.

रविवार, २३ मार्च

सकाळी खिडकी पांढरी. मला वाटलं मीठ. बर्फ होतं. चैत्र तोंडावर आलाय, आणि वाळवंटात बर्फ! दियाला ईस्टरचं चॉकलेटचं अंडं दिलं, ती खुश. मी म्हटलं, ऊन येणार नाही हे कबूल, पण चीक टाकायचा नाही. शिजवू, घरातच घालू, हीटरपाशी वाळवू.

आधण ठेवलं, मीठ घातलं, हिंग घातला. चीक ओतला आणि मीनलला ढवळायला उभं केलं. चांगलं ढवळते, एक गुठळी होऊ दिली नाही. हे इथं लिहिते, तिला सांगणार नाही. चीक चकाकायला लागला तसा वाटीत काढून वर दूध घालून उदयला दिला. लहानपणी ह्याच्यासाठी चुलीपासून हलायचा नाही. वाटी उजव्या हातात घेतली, मग डाव्या हातात घेतली, मग खाली ठेवली.

सोऱ्या भरला. दियाला म्हटलं फिरव, तिच्याने दांडा हलेना. माझं मनगट हे असं. मीनल पातेलं सोडू शकत नाही. कुरडई गरम आहे तोवरच घालावी लागते, निवला की चीक दगड होतो.

"उदय, ऊठ."

"आई, मला नाही जमणार."

"माणसाचं पोट फाडून शिवतोस, आणि कुरडई जमणार नाही?"

"आई, राहू द्या," मीनल म्हणाली, "मी घालते."

"तू ढवळ. ऊठ रे."

उठला. डाव्या हातात सोऱ्या धरला, उजव्याने दांडा फिरवायला लागला. शेव खाली आली आणि नाचायला लागली. कुरडई म्हणजे गोल, वेढ्यावर वेढा. ही टेबलभर भरकटली, कडेवरून खाली लोंबली, परत वर आली. दिया म्हणाली, "बाबा, तुझा कुरडई ड्रंक आहे!" आणि हसता हसता मध्येच थांबली. सोऱ्या टेबलावर तडतड वाजत होता. तो जितका दाबून धरायला जात होता तितका जास्त वाजत होता. मीनलने गॅस बंद केला. पुढे येऊन त्याच्या हातातून सोऱ्या काढून घेतला, पोराच्या हातातून सुरी काढून घेतात तसा, हळूच.

मी हाताकडे बघितलं. मग तोंडाकडे. हा सगळा आठवडा मला एकदम दिसला, आणि माझाच संताप आला. डोळे काय फक्त सुनेच्या चुका बघायला दिलेत?

"किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

"नाव काय?"

"पार्किन्सन. आपल्याकडे कंपवात म्हणतात. त्यात वाससुद्धा येईनासा होतो."

"बरा होतो?"

"नाही."

दियाला हे माहीत नव्हतं. ती आईला जाऊन चिकटली. मीनलला पहिल्यापासून माहीत होतं. राजीवने महिन्यापूर्वी ऑपरेशनच्या टेबलाशी बघितलं, आणि म्हणाला, ईस्टरनंतर तू स्वतः हॉस्पिटलला सांग, नाहीतर मला सांगावं लागेल. म्हणून ही किल्ली. म्हणून हे वाळवंट.

उदय म्हणाला, "गोळी घेतली की चार तास हात स्थिर असतो, आई. मी त्या चार तासांतच काम करतो. आजवर कुणाला काही झालेलं नाही."

"मग आज का नाही घेतलीस?"

उत्तर मीनलने दिलं. "घेतलीय, आई. साडेआठला."

भिंतीवर घड्याळ होतं. सव्वादहा.

मी विचारलं, "मंगळवारी कोण आहे?"

"एक बाई. चौतीस वर्षांची. पित्ताशय काढायचं. साधं ऑपरेशन आहे."

"तिच्या आईला माहीत आहे?"

तेव्हा ओरडला. ओरडला म्हणजे आवाज फारसा निघालाच नाही, पण तोंड ओरडण्याचं होतं. "तुला काय कळतं ह्यातलं! हात गेला की मी कोण आहे? काय उरतं? आणि तू... तू सिन्नरला काय सांगणार आहेस?"

एवढा मोठा डॉक्टर, आणि भीती कुणाची, तर माझ्या बहिणीची! तिला तर धड ऐकू येत नाही.

बाहेर जायला जागा नाही, बर्फ आणि वारा. आत जायला दुसरी खोली नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. उरलेल्या चिकाच्या मी चमच्याने सांडग्यांसारख्या टिकल्या घातल्या. म्हणजे मला कुठे टाकायचं वगैरे नव्हतंच. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं.

सोमवार, २४ मार्च

सकाळी बर्फ थोडं वितळलं. मीनल सामान बांधत होती. उदय म्हणाला, "मंगळवारचं हे शेवटचं करतो. मग सांगतो." मीनलच्या हातातून घडी केलेली चादर खाली पडली. ती उचलून तिने परत घडी केली. दीड वर्ष बोलून झालं असेल तिचं.

मी मीनलचे बूट घातले, तिचा फोन घेतला आणि बाहेर पडले. एकटीच. गोट्यांवर बर्फ, एक पाऊल टाकलं की अर्धं मागे सरकतं. मागून उदय आला. "आई, पडशील. कुठे चाललीस?" मी थांबले नाही. पडले असते तर त्याच्याच अंगावर पडले असते.

होडीपाशी पोचले, बहिणीला फोन लावला. तिथे दुपारची जेवणं झाली असतील. मोठ्याने बोलावं लागतं तिच्याशी, तशी बोलले.

"उदयला कंपवात झालाय. हात थरथरतो. आता कापाकापी बंद."

ती म्हणाली, "काय?"

परत सांगितलं, आणखी मोठ्याने. ती म्हणाली, "अगं, मग आता तो काय करणार?"

"काय करायचं ते करील. जेवतो, झोपतो, अंगाखांद्याने धड आहे. आणि हे बघ, गल्लीत सगळ्यांना तूच सांग. एकेकीला सांगायला माझ्याकडे वेळ नाही."

फोन ठेवला. उदय होडीला टेकून उभा होता. वाऱ्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, माझ्यापण येत होतं, तिथे येतंच सगळ्यांच्या.

मी म्हटलं, "सिन्नरचं झालं. आता तुझा फोन कर."

फोन हातात घेतला, पण बटणं बारीक आणि हात तसा. दोनदा चुकला. मग तो आकडे सांगत गेला आणि मी दाबत गेले. इंग्रजी आकडे मला येतात, बसचे नंबर वाचून शिकले. आधी राजीवला, मग राजीवने दिलेल्या नंबरवर मोठ्या डॉक्टरांना, त्यांच्या घरी. फोन मी त्याच्या कानाला धरून ठेवला. काय बोलला ते मला कळलं नाही. आपलं नाव सांगितलं, मग बराच वेळ हळू बोलला, मग ऐकत राहिला. मध्ये एकदा म्हणाला, "येस. टुमॉरो ऑल्सो." माझा हात भरून आला, पण मी बदलला नाही, मध्येच आवाज तुटला असता.

मंगळवार, २५ मार्च, मेडनहेड

मीनल कामाला गेली. दियाला सुट्टी आहे, ती झोपलीय. साडेनऊ वाजले. त्या चौतीस वर्षांच्या बाईला दुसऱ्या डॉक्टरने आज टेबलावर घेतलं असेल. उदय पहाटेच उठून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली आला आणि मग कुठे जायचं नाही हे आठवल्यासारखा जिन्यात उभा राहिला.

मी म्हटलं, "उभा काय राहतोस? लसूण सोल."

टेबलाशी बसलाय. एका पाकळीला पाच मिनिटं लागतात. साल नखात येतं आणि निसटतं, पाकळी घरंगळत खाली जाते, तो वाकून उचलतो. शिकलेल्या माणसाला लसूण सोलता येत नाही, हे मी आयुष्यभर बोलून दाखवलं असतं. दोनदा माझा हात पुढे गेला. दोन्ही वेळा मी तो पदरात गुंडाळून ठेवला.

चार पाकळ्या झाल्यात. तेल तापून गेलं, गॅस बंद केला. डाळ निवतेय. निवू दे.